खारातले गरे

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं डायलिसिस दोनच तासांचं होतं. ते संपल्यावर आईने टेक्निशियनला विचारलं, "बाळा, काढलेली घाण कुठे टाकता रे तुम्ही?"

गुहागरकडचा पोरगा तो, जेमतेम पंचविशीचा. हा प्रश्न त्याला नवा नसावा. त्याने मशीनच्या मागून निघून भिंतीतल्या ड्रेनमध्ये गेलेली पारदर्शक नळी दाखवली. "ही बघा काकू. इथून जाते." आईने वाकून पाहिलं. नळीत पाणी होतं. आमच्या विहिरीचं असतं तसं, स्वच्छ, जवळजवळ बिनरंगाचं. आई सरळ झाली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काही काढलेलं नाहीये यांनी."

तिचं चुकलं नव्हतं. वाडीत कोणी विचारलं की ती सांगायची, "ह्यांचं रक्त धुवायला नेतात." धुणं म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, दगड येतो, आणि त्या दगडावरून खाली जाणारं मातकट पाणी. कपडा स्वच्छ झाला हे कपड्यापेक्षा ते पाणी जास्त खात्रीने सांगतं. इथे पाणी काहीच सांगत नव्हतं. रक्तही नाही. लाल टोकाची नळी रक्त बाहेर नेते, निळ्या टोकाची परत आणते, आणि दोन्हींतलं रक्त दिसायला एकसारखं लाल.

युरिया हा रक्तात साचणारा कचरा, पण त्याला रंग नसतो. क्रिएटिनिन नावाच्या दुसऱ्या कचऱ्यालाही नसतो. लघवीचा पिवळेपणा वेगळ्याच द्रव्याचा. त्यामुळे अण्णांच्या अंगातून जे निघून जातं ते आम्ही आजवर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, फक्त कागदावर वाचलंय. महिन्यातून एकदा मशीनवर घेण्याआधी रक्त काढतात आणि सोडताना पुन्हा काढतात. एका महिन्यात युरिया आधी १४२ होता, चार तासांनी ४४. ही घट निदान ६५ टक्के असावी, असं डॉक्टर सांगतात. युरिया हे काही सगळ्यांत जहाल विष नव्हे. पण तो मोजायला सोपा, म्हणून बाकीच्या मंडळींच्या वतीने हजेरी तोच लावतो.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. किडन्या गेल्याचं कळल्यावर डेपोतले जुने सहकारी भेटायला आले आणि प्रत्येकाने एकच निदान केलं: लाइनवर लघवी रोखून धरायची सवय. अण्णांनाही ते आवडलं, कारण त्यात दोष नोकरीचा होता. खरं कारण वीस वर्षांची साखर आणि गोळी चुकवत ठेवलेलं बीपी. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके ह्या दोघांनी मिळून, काही दुखूखुपू न देता, एकेक करून बंद पाडले. २०१९ च्या पावसाळ्यानंतर पायांना सूज आली, जेवण नकोसं झालं, तोंडाला धातूसारखी चव येऊ लागली, तेव्हा क्रिएटिनिन वाढून अकरावर गेलेलं होतं.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार. लोक म्हणतात "डायलिसिसवर टाकलंय". हे 'टाकणं' मला आवडत नाही, माणूस काय पोतं आहे? पण सेंटरमध्ये आणखी वेगळी भाषा आहे. तिथे माणसाला "मशीनवर घेतात" आणि "सोडतात". अण्णांना ती लगेच पटली, गाडी लागते आणि सुटते तशी.

आईच्या शंकेचं उत्तर मिळायला तीन आठवडे गेले. त्या दिवशी टेक्निशियनला जरा सवड होती. त्याने बाद झालेला एक डायलायझर तिच्या हातात दिला. सगळे त्याला नुसतं 'किडनी' म्हणतात. हातभर लांबसुद्धा नसलेली प्लास्टिकची पारदर्शक नळकांडी, आत पांढऱ्या धाग्यांची जुडी. ते धागे नव्हेत, पोकळ नळ्या आहेत, दहा हजारांच्या आसपास, एकेकीचं भोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं. सगळ्यांच्या भिंती उलगडून शेजारी शेजारी लावल्या तर दीडएक चौरस मीटर, म्हणजे आमच्या माजघराच्या दाराएवढा पडदा होईल. रक्त नळ्यांच्या आतून वाहतं, पाणी बाहेरून. दोघांची गाठ पडत नाही. मध्ये ती भिंत, आणि भिंतीला इतकी बारीक छिद्रं की रक्ताच्या पेशी आणि मोठी प्रथिनं जाऊच शकत नाहीत. युरियाच्या रेणूचं वजन ६०, रक्तातल्या अल्ब्युमिनचं सुमारे ६६ हजार. एक सुटतं, एक राहतं.

"मग ते युरिया ओढून कोण घेतं?" आईने विचारलं.

"कोणी नाही ओढत काकू. रक्तात जास्त आहे, पाण्यात नाहीच. म्हणून आपोआप पाण्यात उतरतं."

आई एक क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खारातल्या गऱ्यांसारखं."

पोराला हसू आलं. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. कच्च्या फणसाचे गरे मे महिन्यात भरपूर मिठात बरणीत भरून ठेवतात, वर दगडाचं वजन. जुलै-ऑगस्टात, भाजीला काही मिळत नाही अशा पावसात, ते बाहेर काढायचे. तेव्हा ते इतके खारट असतात की जीभ सोलून निघेल. म्हणून पातेलंभर पाण्यात टाकायचे. तासाभराने ते पाणी चाखलं तर खारट, आणि गरा थोडा माणसात आलेला. तेच पाणी तसंच ठेवलं तर मात्र पुढे काही होत नाही. गऱ्यातला खारटपणा आणि पाण्यातला खारटपणा बरोबरीला आले की काम थांबलं. मग रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर. म्हणून पाणी ओतून नवं घ्यायचं. तीन पाणी बदलली की भाजी होते. गरे पिळायचे नाहीत, धुवायचे नाहीत, चोळायचे नाहीत, कारण त्यांचा लगदा होतो. मीठ बाहेर येतं ते फक्त बाहेर ते कमी आहे म्हणून.

आमच्या भाषेत वेगळं करायला किती शब्द आहेत! निवडणं, पाखडणं, चाळणं, गाळणं, वेळणं, निथळवणं. डायलिसिसबद्दल वाचताना जिथे तिथे 'गाळणी' भेटते, आणि गाळणी म्हटलं की वाटतं चोथा वर राहील, चहा खाली पडेल. भिंतीची छिद्रं पेशी अडवतात तेवढ्यापुरतं ते खरं आहे. पण मुख्य काम 'उतरण्या'चं. कडूपणा उतरतो, रंग उतरतो, तापही उतरतो, तसा युरिया उतरतो.

आणि पाणी बदलण्याची आईची युक्ती मशीन सतत करत असतं. रक्त मिनिटाला तीनशे मिलिलिटर, पाणी पाचशे, आणि दोघं उलट दिशांनी. उलट का, हे मला बराच काळ कळत नव्हतं. एकाच दिशेने गेले तर वाटेत कुठेतरी दोघांची बरोबरी होणार आणि पुढची वाट फुकट जाणार. उलट गेले की अर्धं स्वच्छ झालेल्या रक्ताला समोरून त्याहून स्वच्छ पाणी भेटतं. अण्णांनी याचं भाषांतर केलं: "घाटात वर जाणाऱ्या गाडीला दर वळणावर समोरून नवी गाडी भेटते, तसं." मिनिटाला पाचशे म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी. एका वेळी अंगाबाहेर असतं ते रक्त मात्र पाव लिटरच्या आसपास.

ते पहिलं डायलिसिस दोन तासांतच का उरकलं, याचंही उत्तर ह्यातच होतं. महिनोन् महिने साचलेला युरिया रक्तातून झपाट्याने काढला तर मेंदूच्या पेशींतला मागे राहतो. मग तिथे पाणी धावतं आणि मेंदूला सूज येते. डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून पहिल्या काही पाळ्या आखूड, पंप हळू.

शंका मला होती. सगळंच पाण्यात उतरणार असेल तर रक्तातलं मीठ कसं राहतं? त्याचे कण तर युरियासारखेच लहान.

याचं उत्तर ऐकून मी थक्क झाले, आणि अजून आहे. ज्याला जाऊ द्यायचं नाही, ते पाण्यात आधीच तेवढंच घालून ठेवायचं. रक्तात सोडियम साधारण १३८, तर पाण्यातही तेवढंच. दोन्हीकडे सारखं असलं की जायला कारण उरत नाही. पोटॅशियम वाढून सहाच्या घरात गेलेलं असतं, आणि ते अगदी संपवूनही चालत नाही, हृदयाला थोडं लागतंच; म्हणून पाण्यात ते दोन ठेवतात. युरिया सगळाच नकोय, तर पाण्यात शून्य. उलट, रक्त आंबट होऊन गेलेलं असतं, त्याला उतारा म्हणून बायकार्बोनेट पाण्यात जास्त ठेवतात, म्हणजे ते भिंतीतून आत येतं. मशीनला विष कशाला म्हणतात ते माहीत नाही. त्याला फक्त कमी-जास्त कळतं. चांगलं-वाईट हे सगळं त्या पाण्याच्या पाककृतीत लिहिलेलं, आणि ती लिहिणारा माणूस.

खऱ्या किडन्यांचा खाक्या अगदी वेगळा. दिवाळीच्या आधी आई घर आवरते तेव्हा सगळं सामान आधी अंगणात काढते आणि मग हवं तेवढंच आत नेते. किडन्या तेच करतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटर पाणी रक्तातून बाहेर काढतात, मीठ, साखर, युरिया, सगळ्यासकट. मग प्रत्येक किडनीतल्या दहा लाखांच्या आसपास नलिकांमधून जाताना त्यातलं जवळजवळ सगळं, शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणी, सगळी साखर, लागेल तेवढं मीठ, मोजून मोजून परत आत घेतात. उरतं ते दीड-दोन लिटर. काल तुम्ही सुकट खाल्लीत की कलिंगड, त्याप्रमाणे रोजचा हिशोब वेगळा. त्याखेरीज रक्त तयार करण्याचा निरोप हाडांना धाडणं, 'ड' जीवनसत्त्व कामाला लावणं ही वरकड कामं. तीही मशीन करत नाही, म्हणून अण्णांना रक्तवाढीचं इंजेक्शन वेगळं घ्यावं लागतं. हे सगळं आठवड्याचे १६८ तास चालायचं. त्याजागी आता बारा तास.

मला सगळ्यांत जास्त दिवस पुरलेली गोष्ट हीच. किडन्या गेल्या म्हणजे गाळणी गेली असं मी समजत होते. खरं तर निवडणारं कोणी उरलं नाही. उतरवण्याचं काम मशीनने घेतलं, निवडण्याचं आमच्या घरावर आलं.

ते आलं आईच्या ओट्यावर. भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास, ते पाणी टाकायचं, नव्या पाण्यात उकळायच्या, तेही टाकायचं. पोटॅशियम उतरावं म्हणून. म्हणजे गऱ्यांचंच प्रकरण रोज, बटाट्याचं, पालेभाजीचं, भोपळ्याचं. होळीला पुरणाची डाळ शिजवून आईने येळवणी मोरीत ओतली आणि मग बराच वेळ मोरीजवळच उभी राहिली. येळवणी टाकणं म्हणजे कटाची आमटीच टाकणं, आणि आमच्याकडे पोळीपेक्षा कटाच्या आमटीला गिऱ्हाईक जास्त. पुढच्या वर्षीपासून तिने दोन पातेली केली. शहाळं बंद. अंगणात सहा माड, पाडेली येऊन नारळ काढून जातो, आणि ज्याने ते लावले त्याला एक घोट चालत नाही, कारण शहाळ्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. पोटॅशियम वाढलं की हृदय पुष्कळदा सूचनाही देत नाही, थांबतं.

आणि निवडण्याचं काम आलं अण्णांच्या तहानेवर. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणजे पोटात गेलेलं पाणी मंगळवारपर्यंत अंगातच राहणार. दिवसाला एक लिटर, चहा-आमटी धरून. अण्णांनी कंडक्टरी हिशोब लावला. सकाळी एक लिटरची बाटली भरायची. चहा प्यायला की कपभर पाणी बाटलीतून झाडाला. आमटी वाढून घेतली की तेवढं झाडाला. संध्याकाळी बाटलीत उरेल ते आपलं. त्या जास्वंदीला आमच्या घरात कोणी कधी इतकं नियमित पाणी घातलं नव्हतं. रात्री दहाला बाटलीत दोन बोटं पाणी उरलेलं असतं आणि ते बाटली उजेडात धरून बघत बसतात. मी तेव्हा त्यांच्यासमोर पाणी पीत नाही. आत जाऊन पिते, आणि भांड्याचा आवाज होऊ देत नाही.

सेंटरला पोचलं की पहिल्यांदा वजनकाटा. अण्णांचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं, ५४ किलो. काट्यावर ५६.६ आलं की टेक्निशियन म्हणतो, "दोन-सहाशे, अधिक सोडतानाच्या सलाईनचे दोनशे, चहा-बिस्किटाचे शंभर. दोन-नऊशे लावतो." हे जादा पाणी उतरण्याच्या नियमाने जात नाही, ते दाबाने ओढून काढावं लागतं. गरे हलकेच दाबले की पाणी गळतं तसं म्हणू हवं तर. पण रक्तातलं पाणी कमी झाल्यावर अंगात मुरलेलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो, आणि घाई केली की बीपी पडतं, घाम फुटतो, पोटरीत गोळा येतो. तो गोळा मी पाहिलाय. अण्णांसारखा माणूस पलंगाचा दांडा धरून "आई गं" म्हणतो.

त्यामुळे चार तास. आणि अण्णा दर पाळीला, न चुकता, साडेतीन तास झाले की घासाघीस सुरू करतात. "बाळा, आज लवकर सोड. अर्ध्या तासाने काय होतंय?" टेक्निशियन म्हणतो, "काका, बेल माझ्या हातात आहे." शेवटच्या अर्ध्या तासात काय निघतं ते मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, युरिया पहिल्या दोन तासांत भराभर जातो, पण फॉस्फरससारखी माणसं घरात लपून असतात. पेशींतून हळूहळू रक्तात येतात आणि मगच मशीनला सापडतात. त्यांच्यासाठी वेळ हेच औषध. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला दाबून निजवलं तर कळेल."

लांबच्या पाळीत पडल्या पडल्या बोलायला विषय लागतात. एकदा मी त्यांना विलेम कोल्फची गोष्ट सांगितली. नेदरलँड्समधलं काम्पेन नावाचं छोटं गाव, १९४३, देश जर्मनांच्या ताब्यात. ह्या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांचं आडवं पिंप केलं, त्याभोवती सेलोफेनची लांबलचक नळी गुंडाळली आणि ते मिठाच्या पाण्याच्या टाकीत अर्धं बुडवून फिरवायला लागला. रक्त त्या नळीतून जायचं. सेलोफेनची नळी कसली, तर सॉसेजमध्ये मांस भरतात तिची. म्हणजे पहिली चालती कृत्रिम किडनीही स्वयंपाकघरातूनच आली, असं आई म्हणाली आणि तिचा चेहरा बराच वेळ खुललेला होता. सुरुवातीची दोन वर्षं जवळजवळ सगळे रुग्ण गेले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. ती नाझींना सामील म्हणून कैदेत होती. गावात कोणालाही विचारलं असतं तर तिच्यावर कोल्फने मेहनत घेऊ नये असंच म्हणाले असते. त्याने घेतली. ती पुढे काही वर्षं जगली.

अण्णांना हे फार आवडलं. त्यांच्या मते कंडक्टरने तिकीट बघायचं, तोंड नाही.

पण मशीन निवडत नसलं तरी मशिनी कमी असल्या की माणसं निवडतात. सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नरने १९६० मध्ये हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी केली, तेव्हा कुठे डायलिसिस वर्षानुवर्षं करता येईल असं झालं. त्याआधी दर वेळी नवी रक्तवाहिनी कापायची आणि कापायला जागा संपायची. पण मशिनी मूठभर. मग लवकरच तिथे सात जणांची समिती बसली: वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. कोणाला मशीन द्यायचं हे त्यांनी ठरवायचं. मूलबाळं किती, नोकरी काय, चर्चला जातो का, हेही बघितलं जायचं. मी हे सांगत होते तेव्हा शेजारच्या पलंगावर एक रिक्षावाले होते, पलीकडे एक आंबा बागायतदार, कोपऱ्यात बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली मुलगी. तिघंही महात्मा फुले योजनेत. समिती बसली असती तर आमचा रिटायर कंडक्टर कितव्या नंबरला आला असता? अण्णांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "वेटिंग."

त्यांना अभिमान आहे तो वेगळाच. "जेपींना हेच होतं." अण्णा जुने समाजवादी, मधू दंडवत्यांच्या सभांना सतरंज्या अंथरलेले. आणीबाणीत जयप्रकाश नारायण कैदेत असताना त्यांच्या किडन्या गेल्या. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये सुटल्यावर ते मुंबईला जसलोक रुग्णालयात आले आणि तिथे डायलिसिस सुरू झालं. १९७७ ची निवडणूक, जनता पक्ष, सरकार येणं आणि मोडणं, हे सगळं त्या माणसाने आठवड्यातून अनेक तास मशीनला बांधलेल्या अवस्थेत पाहिलं, ८ ऑक्टोबर १९७९ ला जाईपर्यंत. अण्णा तेव्हा विशी-पंचविशीत. पेपरात रोज वाचलेला 'डायलिसिस' हा शब्द आपल्या रेशनकार्डावर एक दिवस येईल असं त्यांना कशाला वाटेल!

डायलिसिससाठी मानेत बसवलेली नळी पहिले तीनच महिने होती. मग डाव्या मनगटाजवळ फिश्चुला केला. धमनी सरळ शिरेला जोडून द्यायची, म्हणजे धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि आठवड्यातून सहा जाड सुया सोसते. १९६६ मध्ये जगापुढे आलेली ही युक्ती. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, पाण्याची बादली नाही, उशाखाली घेणं नाही. बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. ती थांबली तर गुठळी, आणि गुठळी म्हणजे पुन्हा ऑपरेशन. म्हणून आई रोज सकाळी देवाला दिवा लावण्याआधी अण्णांच्या मनगटाला कान लावते. मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी दचकले. हृदयासारखं धडधड-धडधड नाही, अखंड घर्रर्र. अण्णा म्हणतात, "गाडी न्यूट्रलला उभी आहे."

पाण्याविषयी एकदा बोलायला हवं. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, तेही आतड्याच्या पहाऱ्यातून. हे १२० लिटर मात्र रक्ताच्या शेजारून जातं, मध्ये फक्त ती पातळ भिंत. ती भिंत दोन्हीकडची आहे. पाण्यात वाईट असेल तर ते आत उतरायलाही तीच मोकळी. ब्राझीलमधल्या कारुआरू गावी १९९६ मध्ये शेवाळाचं विष असलेलं पाणी डायलिसिस केंद्रात गेलं आणि पन्नासवर रुग्ण मेले. म्हणून सेंटरच्या मागच्या खोलीत आरओचं मोठं धूड दिवसभर घुमत असतं, आणि म्हणून पाणी, वीज, रस्ता ह्यांतलं एक जरी गेलं तरी अण्णांच्या किडन्या गेल्या.

२०२१ च्या २२ जुलैला तिन्ही गेलं. गुरुवार होता. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमची वाडी उंचावर, घराला काही झालं नाही, पण सेंटर पाण्यात. फोन लागत नव्हते. चारी बाजूंनी पाणीच पाणी आणि घरात एक माणूस घोट मोजतोय. आईने तीन दिवस फक्त दोनदा वेळलेला भात, साखर आणि थोडं तूप दिलं, पोटॅशियम बांधणारी पूड तिन्ही त्रिकाळ. अण्णा बाटलीऐवजी पेल्यावर आले. मी रात्री उठून त्यांचा श्वास ऐकायची. शनिवारी रात्री उशिरा दुसऱ्या गावच्या मशीनवर जागा मिळाली. वजन चार किलो वर होतं. एवढं एका दमात काढता येत नाही. तीन लिटर तेव्हा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. त्या रात्री अण्णांनी घासाघीस केली नाही, ही त्या पुराची माझ्याजवळची एकमेव चांगली आठवण. पुढच्या मंगळवारी केली, तेव्हा आई मनापासून हसली.

परवाच्या जूनमध्ये आईने माळ्यावरची बरणी काढली. गेली काही वर्षं ती गरे घालते ते मुंबईला धाडायला. घरात भाजी होत नाही. अण्णा ओटीवरून बघत होते. "एक गरा," ते म्हणाले. आई म्हणाली, "मीठ आहे, फणस आहे, काय काय म्हणून धुवू?" शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. मीठ पूर्ण काढा, उकळून पाणी टाका, आणि गुरुवारी मशीनवर घेतल्याबरोबर पहिल्या तासात खाऊ दे, चार फोडी, जास्त नाही.

बुधवारी संध्याकाळी आईने गरे पातेल्यात टाकले. पहिलं पाणी ओतलं, दुसरं ओतलं. तिसऱ्यातून एक फोड काढून तिने जिभेला लावली आणि म्हणाली, "झालं." अण्णा खुर्ची ओढून ओट्यापाशी येऊन बसले होते, पातेल्यावर नजर. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "अजून अर्धा तास असू दे."